कामाला लागली खरी, पण कुणाच्या?

दहावीचा शेवटचा पेपर संपतो आणि सोलापूरच्या उन्हात घरोघरी एकच प्रश्न निघतो. निकाल लागेपर्यंत हे पोर करणार काय? कुणी मामाकडे पाठवतं, कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला घालतं. पण बऱ्याच घरांतली मुलं सरळ कामाला लागतात. कुणी चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात, कुणी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला, कुणी शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांकडे धागे कापायला आणि काजे-बटणं करायला. "घरात नुसतं मोबाइल बघत बसण्यापेक्षा बरं," असं आपण म्हणतो, आणि ते काही खोटं नाही.

पण मैत्रिणींनो, त्या मुलीला संध्याकाळी एक प्रश्न विचारून बघा. "तुझा मालक कोण गं?" दहातल्या आठ जणी गप्प बसतील. "सुपरवायझर काका आहेत की!" "आम्हाला शेजारच्या काकू घेऊन जातात." "नाव ठाऊक नाही, दुकानाचं नाव ठाऊक आहे." आता सांगा, पगार बुडाला, बोटाला मशीन लागलं, कुणी वाकडं बोललं, तर ही मुलगी जाणार कुणाकडे? काकूंकडे? काकू म्हणतील, "मी काय मालक आहे होय? मला सांगितलं म्हणून मी माणसं नेते."

शाळेत हे शिकवत नाहीत का, असं तुम्ही विचाराल. दहावीला राज्यशास्त्र आहे, त्यात निवडणुका आहेत, राज्यघटना आहे. अकरावीला वाणिज्य घेतलं तर वाणिज्य संघटन आणि चिटणिसाची कार्यपद्धती येते. केंद्रीय बोर्डाच्या काही शाळांत अकरावी-बारावीला कायद्याचा स्वतंत्र विषयही आहे. पण सुट्टीत कामाला लागणारी मुलगी बहुधा तिथवर पोचलेलीच नसते. तिला हे शिकवायचं तर ते स्वयंपाकघरातच शिकवावं लागेल, आणि तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात त्याची उदाहरणं भरपूर आहेत.

किराण्याच्या यादीपासून सुरुवात

शाळेत मुलींशी ह्या विषयावर बोलायचा योग येतो तेव्हा मी कायद्याचं नावच काढत नाही. तिघींना पुढे बोलावते. एक आई, एक मुलगी, एक किराणा दुकानदार. आई मुलीला यादी देते, मुलगी दुकानातून दोन किलो साखर आणि तेलाची पिशवी आणते, खात्यावर मांडायला सांगते. मग मी विचारते, पैसे कुणी द्यायचे? सगळ्या ओरडतात, "आईने!" बरोबर. आपल्या देशात १८७२ सालापासून करारांचा कायदा लागू आहे आणि त्यात एजंटाचं एक पूर्ण प्रकरण आहे. ते प्रकरण ह्या तीन मुलींनी दोन मिनिटांत करून दाखवलं. आई मालक, मुलगी एजंट, आणि एजंटाने मालकाच्या वतीने, दिलेल्या अधिकारात केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक.

त्या कायद्यातली एक गंमत मुलांना फार आवडते. एजंट व्हायला वयाची अट नाही. बारा वर्षांचा मुलगाही तुमच्या वतीने दुकानातून माल आणू शकतो, आणि दुकानदाराचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात. पण उरलेल्या सुट्ट्या पैशांचं त्याने आइस्क्रीम खाल्लं, तर एजंट म्हणून त्याला कायद्याने जबाबदार धरता येत नाही, कारण तो अज्ञान आहे. पाठीत धपाटा घालायचा तेवढा मार्ग उरतो, आणि त्याबद्दल कायद्याचं प्रकरण काही सांगत नाही!

आता ह्याच खेळात थोडा बदल करा. घरकाम करणाऱ्या बाई तुमच्यासाठी नेहमी दुकानातून सामान आणत. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. दुकानदाराला तुम्ही सांगितलंच नाही. पुढच्या आठवड्यात त्या तुमच्या नावावर पाच किलो तांदूळ घेऊन गेल्या. पैसे कुणाचे? इथे वर्गात हमखास भांडण लागतं. कायदा म्हणतो, तुमचे. एजंटाचा अधिकार काढून घेतला ही गोष्ट तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. म्हणून बाई गेली की पहिला निरोप वाण्याला.

एजंट आपल्या घरी रोज येतच असतात. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या महिला प्रधान एजंट १९७२ सालापासून आहेत; त्या योजनेत एजंट म्हणून बायकांनाच घेतात. तुमच्यापैकी कित्येकजणी स्वतःच हे काम करत असतील. विम्याचा एजंट असतो, भिशी चालवणारी शेजारीण असते (ती कुणाचीच एजंट नसते बरं का, तिच्यामागे कुठली कचेरी नाही, हे मुलांना जरूर सांगा).

ह्या बाबतीत १९७८ सालचा एक निकाल प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावा. अलाहाबादच्या एका बाईचं बँकेत बचत खातं होतं. बँकेतला एक कर्मचारी तिच्या नवऱ्याचा मित्र, शेजारीच राहणारा. नवरा-बायको खिडकीवर जाण्याऐवजी पैसे आणि चेक त्याच्याच हाती देत. त्याने पासबुकात नोंदी करून दिल्या आणि पैसे खाल्ले. बाईंनी बँकेवर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्या हरल्या. न्यायालय म्हणालं, माणूस बँकेचा असला तरी हे पैसे त्याने बँकेचं काम म्हणून घेतले नव्हते, मित्र म्हणून घेतले होते. म्हणजे तो त्या वेळी बँकेचा नव्हता, तुमचाच माणूस होता!

उलट २०२२ साली किसान विकास पत्रांच्या एका प्रकरणात एजंट बाईने पोस्टातल्या कर्मचाऱ्याशी संगनमत करून लोकांची पत्रं वटवली, तेव्हा त्याच न्यायालयाने पोस्टाला जबाबदार धरलं, कारण त्या कर्मचाऱ्याने लबाडी केली ती पोस्टाचं काम करता करता. दोन्ही गोष्टी मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा. माणूस तोच, पण त्या क्षणी तो कुणाच्या वतीने काम करत होता? सगळं गाडं ह्या एका प्रश्नावर येऊन थांबतं.

सुपातल्या विडीची कोर्टकचेरी

आता मुख्य गोष्ट. हा प्रश्न सोलापूरच्या बायकांनी जितका सोसला आहे तितका क्वचितच कुणी सोसला असेल.

आपल्या पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगरकडे दुपारी चक्कर टाका. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतील. बोलणं तेलुगूत, मधूनच मराठीत. तेंदूची पानं भिजवून, मापाला कापून, त्यात चिमूटभर तंबाखू घालून, वळून, टोक दुमडून, दोऱ्याने बांधायची. हाताला इतकी सवय की नजर रस्त्यावर आणि बोटं आपली चालूच. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा ह्या शहरातल्या हजारो घरांची चूल ह्याच सुपावर पेटत राहिली. मजुरी हजार विड्यांमागे. पानं आणि तंबाखू ब्रँचमधून आणायचा, तयार विड्या तिथेच नेऊन द्यायच्या. तिथला माणूस बघतो, वाईट वळलेल्या बाजूला काढतो, आणि त्या बाद.

ही बाई कुणाची नोकर? पाटीवर नाव एका कंपनीचं. ब्रँच चालवणारा म्हणतो, "मी नुसता ठेकेदार." कंपनी म्हणते, "आम्ही ठेकेदाराकडून विड्या विकत घेतो, बायकांशी आमचा संबंध नाही." आणि दोघे मिळून म्हणतात, "ती तर आपल्या घरी, आपल्या वेळेला, वाटेल तेवढं काम करते. नोकर कसली?"

मौज अशी की कोर्टानेही आधी असंच म्हटलं होतं. १९५८ साली मध्य प्रदेशातल्या सागरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सट्टेदार, म्हणजे तंबाखू नेऊन विड्या करवून आणणारे मधले लोक, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत आणि त्यांची माणसं कारखान्याची कामगार नव्हेत. मग १९६१ साली नागपूरच्या प्रकरणात थोडं दार उघडलं. तिथे विड्या कारखान्यात बसून वळत. मालक म्हणाला, हे येतात कधीही, जातात कधीही, पैसे नगावर. ह्यांना कसली रजा आणि कसला रजेचा पगार? न्यायालयाने बारकाईने पाहिलं. कधीही येता येतं म्हणे, पण दुपारनंतर आलं तर काम मिळत नाही. वाईट माल नाकारायचा हक्क मालकाकडे. म्हणजे ताबा आहेच की! ते कामगारच ठरले.

आणि १९६४ साली मद्रासकडच्या विडी कारखानदारांच्या प्रकरणात न्यायालयाने मधल्या माणसाचा बुरखा काढला. कागदावर खरेदी-विक्रीचे करार होते, अगदी व्यवस्थित. पण ते "ठेकेदार" होते कोण? हातात भांडवल नसलेली गरीब माणसं. पानं मालकाची, तंबाखू मालकाचा, भाव मालकाचा. न्यायालयाने म्हटलं, हे स्वतंत्र ठेकेदार नव्हेतच. हे मालकाचे एजंट, फार तर ब्रँच मॅनेजर. आणि एजंटाने कामाला लावलेली बाई कुणाची? मालकाची. किराण्याच्या यादीतलंच गणित आहे बघा, फक्त साखरेच्या जागी माणूस आहे.

पुढे १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा खास कायदा आला. त्यात कामगाराची व्याख्याच अशी केली की मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि बाईने तो घरी नेऊन विड्या केल्या, तरी ती कामगार. कारखानदारांनी कायद्यालाच आव्हान दिलं, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७७ मध्ये प्रॉव्हिडंट फंड विडी धंद्याला लागू झाला. लगेच नवा वाद, घरी वळणारीला फंड कसा? त्याचा निकाल १९८५ साली लागला. माल नाकारायचा हक्क हीच देखरेख, तेव्हा घरी वळणाऱ्या बायकाही फंडाच्या हक्कदार. सत्तावीस वर्षं लागली त्या एका प्रश्नाला! तोवर कित्येकींची बोटं वाकली.

हे निकाल ग्रंथालयात पडून राहिले नाहीत. ज्या बाईच्या हातात कार्ड आलं, पुस्तकात रोजची नोंद झाली, तिच्या नावावर फंड जमला, आणि पुढे पेन्शन. (पेन्शन फार नाही. १९९५ च्या योजनेत किमान रक्कम महिना एक हजार रुपये, तीही २०१४ पासून. पण औषधाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या तुम्हालाही भेटल्या असतील.) ज्या बायकांची कुणाकडे नोंदच नाही, त्या आजही "स्वतःचा धंदा करणाऱ्या" समजल्या जातात. काही ठिकाणी ठेकेदार बाईला पानं-तंबाखू "विकतो" आणि विड्या "विकत घेतो", म्हणजे मालक हे पात्रच नाटकातून गायब. तुमची मुलगी अशा घरी जन्मली असेल, आईला दुपारी शेपन्नास विड्या वळून देत असेल, तर तिला हे नाटक समजलंच पाहिजे.

नोंद झालेल्या बायका एकत्र आल्या तेव्हा काय झालं तेही मुलांना दाखवा. सुट्टीच्या दिवशी कुंभारीला घेऊन जा. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत तिथे आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. तिच्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर निघालं, आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. राजकारण ज्याचं त्याच्याकडे. पण "आमची नोंद नाही" म्हणणाऱ्या बायकांच्या गावात एवढी घरं उभी राहिली, हे मुलांनी डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी

विडीचं झालं. पण गणवेशाच्या धंद्यात आपल्या शहराचं नाव मोठं आहे, आणि घरी मशीन असणाऱ्या बायका त्यात खूप. तुमच्यासाठी हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचं प्रकरण आहे, १९७३ सालचं. शिंपी नगावर काम करत, काम असेल तेव्हा येत, कुणी कपडा घरी नेऊन शिवत. मालक म्हणाला, हे नोकर नाहीत. न्यायालयाने विचारलं, बहुतेकांची मशीन कुणाची? दुकानाची. कपडा कसा शिवायचा हे कोण सांगतं? दुकान. वाईट शिवला तर उसवून पुन्हा शिवायला कोण लावतं? दुकान. मग नोकर नाहीत कसे? नगावर पैसे मिळतात एवढ्याने नोकरी संपत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

त्याचबरोबर दुसरी बाजूही मुलीला सांगा. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तुम्ही आपल्या मशीनवर, आपण ठरवलेल्या शिलाईत शिवता, तेव्हा तुम्ही कुणाच्याच नोकर नाही. तुम्ही धंदा करता. नफा तुमचा आणि बिघडलेला कपडाही तुमच्याच गळ्यात. नोकरी बरी की धंदा बरा, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझी तक्रार एवढीच आहे की धंद्याची जोखीम आणि नोकरीची मजुरी अशी दोन्हीकडून मार खाणारी बाई आपल्याकडे फार आहे.

पंधरा-सोळा वर्षांचं पोर आणि कायदा

आता वयाचा मुद्दा, कारण इथे आयांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना घरच्या धंद्यात मदत केली तर चालते, तीही धोक्याचं काम नसेल तर. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून चौदा ते अठरा ह्या वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर घेता येत नाही. इतर कामावर घेता येतं, पण वेळेची बंधनं आहेत आणि ती बहुतेक मालकांनाही ठाऊक नसतात. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. मग एक तास विश्रांती. विश्रांती आणि ताटकळणं धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ ह्या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक सुट्टी. लग्नसराईत कापडाच्या दुकानात सोळा वर्षांची पोर रात्री दहापर्यंत साड्यांच्या घड्या घालत असेल, तर ते बेकायदा आहे, मग मालक कितीही घरोब्याचा असो आणि रात्री रिक्षाने सोडत असो.

"आम्ही सही करून देतो की," असं वडील म्हणतात. सहीने काय होतं आणि काय होत नाही, ते पाहा. अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्द, हे १९०३ सालापासून पक्कं आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९४८ साली एक गाजलेलं प्रकरण झालं. एका अल्पवयीन मुलीला सिनेमात काम देण्याचा करार निर्मात्याने तिच्या वडिलांशी केला होता. पुढे करार मोडला. मुलीच्या वतीने दावा लावला तर न्यायालयाने सांगितलं, करार टिकत नाही. ना मुलीला मागता येईल, ना वडिलांना. म्हणजे वडिलांची सही होती आणि तरी हाती काही नाही. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याचं तसं नाही. त्यात चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला उमेदवार म्हणून घेता येतं (धोक्याच्या उद्योगात अठरा), अज्ञान असेल तर पालकाने सही करायची, आणि तो करार नोंदवावा लागतो. तेव्हा "ट्रेनी म्हणून घेतो" असं कुणी म्हटलं की कुठल्या योजनेत, नोंद कुठे, विद्यावेतन किती, हे विचारा. नुसतं ट्रेनी म्हणणं म्हणजे फुकट राबवणं असू शकतं.

कराराचं असं असलं तरी किमान वेतन ही वेगळी गोष्ट आहे. ते कायद्याने दिलेलं आहे, कराराच्या मेहेरबानीने नव्हे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात किशोरवयीन कामगारांचाही दर ठरवायची सोय होती. आता तो कायदा आणि त्याच्यासारखे बरेच जुने कायदे गेले. त्यांच्या जागी चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. १९६६ चा विडी कायदाही त्यांत विरघळला, मात्र विडीसाठी परवान्याची आणि घरी काम देण्याची कलमं नव्या संहितेत ठेवली आहेत. जुनी पुस्तकं वाचून कुणी तुम्हाला कायद्याची नावं सांगितली तर गोंधळू नका. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. "महिना भरला नाही, आता पुढच्या वेळी बघू" हे चालत नाही. दंड कापायचा तर पगाराच्या शंभराला तीन रुपयांपेक्षा जास्त नाही, आणि तोही म्हणणं ऐकून घेतल्यावर. पंधरा वर्षांखालच्याला दंड नाहीच. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नेमणुकीचं पत्र दिलं पाहिजे. त्या पत्रावर मालकाचं नाव असतं, म्हणून त्याचं मोल जास्त.

मुलांना एवढं जरूर सांगून ठेवा की शाळेचा मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रक कुणाकडेही "जमा" ठेवायचं नाही. प्रत द्या, मूळ दाखवा, परत आणा. कोऱ्या कागदावर सही नाही. आणि दुकानदाराने "ही गाडी घे, पार्सल देऊन ये" म्हटलं आणि मुलाला लायसन नसेल, तर साफ नाही म्हणायचं. २०१९ पासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आपण ती बोलायचं टाळतो आणि मग "कामच सोड" एवढंच आपल्याला सुचतं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्याची कामगाराची व्याख्या वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. कायम असो, रोजंदारी असो, शिकाऊ असो, पगार मिळो न मिळो, थेट ठेवलेली असो की एजंटामार्फत वा ठेकेदारामार्फत, मूळ मालकाला ठाऊक असो वा नसो, ती बाई ह्या कायद्यात बसते. ज्या एका शब्दाच्या आडोशाला मालक इतकी वर्षं लपले, तोच एजंट हा शब्द इथे बाईच्या बाजूने उभा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायला हवी. लहान दुकान असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. मुलीला सांगा, "तू आधी घरी येऊन सांग, मी तुला कामावरून घरी बसवणार नाही." नाहीतर ती सांगतच नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

कुठे जायचं म्हणाल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात. बायकांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० ह्या क्रमांकावर फोनही करता येतो. पगाराचा प्रश्न असेल तर कामगार कार्यालय. जाताना हातात काहीतरी कागद हवा. म्हणून कामाच्या पहिल्या दिवसापासून मुलीला एक वही करू द्या. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, किती नग, काय मिळालं, कुणी दिलं. साधी चाळीस पानी वही पुरते. दूधवाल्याचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो, तसंच.

विडीचं काम करणाऱ्या आयांनी आपलं कार्ड जरा नीट बघून घ्यावं. कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, फंडात तिसरंच, आणि तेलुगू नावाचं मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळं स्पेलिंग, असा घोळ घरोघरी असतो आणि तो नेमका पैसे काढायच्या वेळी नडतो. मुलं शिकत असतील तर विडी कामगारांच्या पाल्यांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, निदान सहा महिने विडीचं काम केलेलं हवं, आणि आईचं कार्ड जोडावं लागतं. शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांना विचारा, मुदत फार दिवस नसते. कार्ड नसेल तर ब्रँचमध्ये मागा, आणि तिथला माणूस "मालकाला विचारतो" म्हणाला, तर मालकाचं नाव तेवढं लिहून घ्या.